सेतू आणि ऑनलाइन सेंटरवाल्यांसाठी: टेबल-खुर्ची कोणत्या क्रमानं लावायची

सेतू केंद्रात, ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात कम्प्युटर बसवायला नाहीतर प्रिंटर पाहायला गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "भाऊ, मान लय धरते, कोणती खुर्ची घेऊ?" आणि बरेच जण तर विचारायच्या आधीच तालुक्यावरून गोल फिरणारी महागाची खुर्ची उचलून आणतात, तरी मान धरतेच, मग खुर्ची कोपऱ्यात जाते आणि पुन्हा प्लास्टिकची खुर्ची येते. खुर्ची वाईट नसते. क्रम चुकलेला असतो.

लोक वरून खाली येतात. आधी मॉनिटर वर-खाली करून पाहतात, मग टेबल सरकवतात, मग खुर्ची बदलतात, आणि पाय कुठं टेकतात हे तर कोणी पाहतच नाही. करायचं बरोबर उलटं. पाय, बैठक, पाठ, कोपर, मग स्क्रीन, आणि सगळ्यात शेवटी कागद, थम (बोटाचा ठसा घ्यायचं मशीन) आणि प्रिंटर. खालची एक गोष्ट बदलली की वरच्या सगळ्या बदलतात, म्हणून वरून सुरुवात केली तर तेच काम दोनदा-तीनदा करावं लागते आणि माणूस कंटाळून सोडून देते.

खाली जे सांगतो त्यातलं बहुतेक विटा, फळी, जुना टॉवेल आणि सुताराचा थोडा वेळ एवढ्यात होते. खर्च मापं घेतल्यावर करा, आधी नको.

## तयारी: मापं घेतल्याशिवाय काहीही हलवू नका

शटर पाडल्यावर संध्याकाळी नाहीतर सुट्टीच्या दिवशी हे काम काढा, गिऱ्हाइकांच्या मधात होत नाही. टेलरचा टेप, पेन, दोन-चार विटा, एक फळी, पुठ्ठे, जुना टॉवेल आणि माप घ्यायला दुसरा माणूस लागेल. स्वतःचं माप स्वतः घ्यायला गेलं की माणूस वाकते आणि माप चुकते.

रोज जी चप्पल घालून बसता तीच घाला. दुकानात चप्पल बाहेर काढून बसत असाल तर अनवाणी मापा. हा अर्धा-पाऊण इंच पुढं नडतो.

कडक स्टुलावर किंवा बाकावर ताठ बसा आणि चार मापं घ्या:

१. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत. पाय जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात.

२. बैठकीपासून कोपरापर्यंत. खांदे सैल सोडायचे, दंड अंगालगत, कोपर काटकोनात.

३. कुल्ल्याच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत.

४. बैठकीपासून डोळ्यापर्यंत.

आता पहिलं आणि दुसरं माप यांची बेरीज करा. पाय जमिनीवर टेकवून बसलं तर तुमचं कोपर जमिनीपासून तेवढ्या उंचीवर येते. मग टेबलाची उंची मापा आणि त्यात कीबोर्डच्या जाडीचा एक इंच मिळवा.

सव्वापाच फुटाच्या आतबाहेर उंची असलेल्या ताईचं पहिलं माप १६ इंच आणि दुसरं साडेआठ धरा, कोपर आलं साडेचोवीसवर. आपल्याकडे सुतार सांगितल्याशिवाय टेबल ३० इंचाचं करून देते, वर कीबोर्ड म्हणजे ३१. साडेसहा इंचाचा फरक! एवढा फरक भरून काढायला ती ताई दिवसभर खांदे वर उचलून बसते, तिला स्वतःला समजतही नाही, आणि संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंत दगड ठेवल्यासारखं होते. पावणेसहा फुटाच्या माणसालाही ३० इंच जास्तच होते, फक्त त्याला थोडं उशिरा समजते.

तपासा: दुकानात दोघं बसत असतील, सकाळी दादा आणि दुपारी वहिनी असं बरेच ठिकाणी चालते, तर दोघांची मापं घ्या. टेबल उंच माणसाच्या हिशोबानं पक्कं करायचं आणि बुटक्या माणसाला उशी आणि पायाखाली फळी द्यायची. उलटं केलं तर उंच माणसाचे गुडघे टेबलाला लागतात, त्यावर इलाज नाही.

मापं भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. कागदावर लिहिलं की तो कागद कोणाच्या तरी झेरॉक्ससोबत जाते.

## टप्पा १: टेबलाखालची जागा रिकामी करा

वाकून एकदा टेबलाखाली पाहा. सीपीयू, यूपीएस, स्टॅबिलायझर, ए-फोरच्या रिमा, रद्दी, कुठं कुठं तर इन्व्हर्टरची बॅटरीसुद्धा. पाय ठेवायला जागाच नाही म्हणून माणूस अर्धा वळून बसते, पाय एका बाजूला आणि तोंड स्क्रीनकडे. हा पिळा रोज आठ-दहा तास कंबरेला बसते. एका बाजूची कंबर दुखते म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं मूळ इथंच सापडते.

आधी मेन स्विच बंद करा. सीपीयू बाजूला घ्या, त्याची हवा जायची जाळी भिंतीला चिकटू देऊ नका. वायरा बांधून टेबलाच्या मागच्या पायाला लावा. टेबलाखाली ड्रॉवर असेल आणि मांडीला लागत असेल तर तो काढूनच टाका, पैशाची पेटी बाजूला ठेवता येते.

जपून: इन्व्हर्टरची ॲसिडवाली बॅटरी पायाजवळ ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, तिला मोकळी हवा लागते.

तपासा: खुर्चीवर बसून दोन्ही पाय पुढं ताणा, मागं घ्या, डावी-उजवीकडं हलवा. कुठंही काही लागलं नाही तरच पुढं जा.

## टप्पा २: बैठक

प्लास्टिकच्या खुर्चीचे दोन लफडे आहेत. एक म्हणजे बैठक मधात खोलगट असते आणि वजनानं आणखी दबते, त्यामुळं माणूस मागं घसरून पोक काढून बसते. दुसरं म्हणजे तिचे हात टेबलाला अडतात, खुर्ची आत जात नाही, मग माणूस बैठकीच्या टोकावर येऊन पुढं झुकते आणि पाठीला टेका राहतच नाही.

हातवाली खुर्ची टेबलाखाली जात नसेल तर बिनहाताची घ्या. घरातली लाकडी किंवा लोखंडी खुर्ची असेल तर ती या कामाला प्लास्टिकपेक्षा बरी. प्लास्टिकचीच वापरायची असेल तर बैठकीच्या आकाराची १२ एमएमची प्लाय कापून आत सपाट बसवा आणि वर उशी ठेवा. प्लायच्या कडा कानसीनं गोल करून घ्या, नाहीतर मांडीला रुततात.

उशीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथं बहुतेक जण फसतात. आपला कापसाचा मुलूख, म्हणून गादीवाल्याकडून कापसाची उशी भरून घेणं सोपं पडते. पण नवी उशी चार इंच फुगलेली दिसते आणि बसलं की दीड-दोन इंचच उरते, आणि महिन्याभरात आणखी बसते, मधात खड्डा आणि कडेला गाठी. त्या फुगलेल्या चार इंचावर टेबलाचा हिशोब केला की सगळं चुकलं. गादीवाल्याला सांगा, ठासून भर आणि मधात टाके मार. कडक फोम मिळत असेल तर तो जास्त टिकते. मऊ मऊ सोफ्याचा फोम नको, हाताच्या मुठीनं दाबल्यावर खालची प्लाय लागली तर तो फोम कामाचा नाही. वरून सुती खोळ घाला, रेक्झिनवर एप्रिल-मे मध्ये घामानं बसवत नाही.

उशीची उंची नेहमी बसून मापायची. तुम्ही उशीवर बसा, दुसऱ्यानं जमिनीपासून मांडीच्या खालच्या बाजूपर्यंत टेप लावायचा.

आता खोली. मागं पूर्ण टेकून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची खोबण यांच्या मधात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. तिसरं माप इथं कामी येते. बैठक जास्त खोल असेल तर पाठीमागं उशी देऊन ती कमी करा, नाहीतर पायाला मुंग्या येतात.

फिरणारी खुर्ची असेल तर ती बसल्यावर हळूहळू खाली जाते का हे पाहा. जुन्या खुर्चीचा गॅस गेलेला असतो, सकाळी नीट असलेली उंची दुपारपर्यंत दोन इंच खाली. शहाबादी फरशीवर चाकं सरकत असतील तर खाली जुनी सतरंजी टाका.

जपून: प्लास्टिक खुर्चीच्या पायाखाली विटा ठेवू नका, कधी निसटतील सांगता येत नाही. एकावर एक दोन खुर्च्या घालून उंची वाढवतात ते तात्पुरतं चालते, पण दोन्ही एकाच कंपनीच्या, पूर्ण आत बसणाऱ्या आणि पायाला तडा नसलेल्या पाहिजेत.

## टप्पा ३: पाय

बैठक वर उचलली की पाय लोंबकळतात. इथं काही जण काम थांबवतात आणि आठ दिवसांनी म्हणतात की उंच बसून पाय सुजायले. बैठक तुमच्या पहिल्या मापापेक्षा जितकी वर गेली तेवढीच उंची पायाखाली द्या. दोन इंच वर गेली तर दोन इंच.

घरातला जेवणाचा पाट चालते, विटांवर फळी चालते, सुताराकडून छोटा चौरंग करून घेतला तर उत्तमच. रुंदी दीड फूट तरी ठेवा आणि खोली एक फुटाच्या वर. एकाच जागी पाय खिळून राहणंही वाईट, पाय हलवता आले पाहिजेत. खाली रबराचा तुकडा लावा, नाहीतर पाट सरकत सरकत भिंतीपाशी जाते.

टेबलाच्या आडव्या दांडीवर किंवा सीपीयूवर पाय ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा, दांडी बारीक असते, सगळा भार तळव्याच्या एकाच रेघेवर येते.

तपासा: मांडी साधारण जमिनीला समांतर, टाच आणि बोटं दोन्ही टेकलेली, मांडी आणि बैठकीच्या पुढच्या कडेमधी बोट सहज सरकते. बोट सरकत नसेल तर पाय अजून खाली आहेत.

## टप्पा ४: पाठ

आधी पूर्ण मागं सरकून बसा, मगच पाठीचा विचार करा. टॉवेल घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकं सुतळीनं बांधा आणि कंबरेच्या खळग्यात, जिथं पट्टा किंवा साडीची गाठ येते त्याच्या थोडं वर लावा. चार बोटांपेक्षा जाड नको. जाड झाला की माणूस पुढं ढकलल्या जाते आणि पुन्हा टोकावर येऊन बसते.

एकदम ताठ ९० अंशात बसायची गरज नाही, तसं कोणी दिवसभर बसूही शकत नाही. थोडं मागं रेलून, १०० ते ११० अंशात बसलं तर कंबरेवरचा भार कमी होते. शाळेत बाई सांगायच्या तसं छाती काढून बसायचा प्रयत्न करू नका, अर्ध्या तासात थकाल आणि पहिल्यापेक्षा जास्त पोक काढाल.

## टप्पा ५: टेबल आणि कोपर

आता कुठं टेबलाची पाळी. खुर्ची आणि पाय पक्के झाल्याशिवाय टेबलाला करवत लावू नका, कापलेलं टेबल वाढत नाही.

नवीन बैठकीवर बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात किंवा थोडं उघडं, आणि पाहा की हात कीबोर्डवर सरळ जातात की वर चढून. कीबोर्ड कोपराच्या बरोबरीत किंवा एखाद-दोन इंच खाली पाहिजे, वर नको.

फरक कितीचा आहे त्यावर इलाज ठरते. दोन-तीन इंचाचा असेल तर उशी आणि पाट एवढ्यातच भागते. त्यापेक्षा जास्त असेल तर सगळा फरक उशीनं भरू नका, पाच-सहा इंच उशीवर माणूस डुलते. तिथं टेबलाखाली सरकणारी कीबोर्डची फळी लावा, ती टेबलाच्या वरच्या कडेपासून तीन-चार इंच खाली येते. वरच्या उदाहरणातल्या ताईचं पाहा: फळी २६ इंचावर, कीबोर्डसहित २७, तिनं दोन इंच दबलेली उशी घेतली की कोपर साडेसव्वीसवर येते. झालं काम, उरलेला अर्धा इंच जाणवत नाही. फळी एवढी रुंद घ्या की माऊससुद्धा तिच्यावरच मावेल. फक्त कीबोर्ड मावणारी फळी घेतली तर माऊस वर टेबलावर राहते आणि उजवा खांदा दिवसभर वर चढलेला, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं की आता फळीचं माप विचारल्याशिवाय ती लावायला हात लावत नाही.

फळी लागत नसेल तर सुताराकडून पाय कापून घ्या. एकदम तीन इंच नको, आधी दीड इंच, दोन दिवस बसून पाहा, मग उरलेलं. लोखंडी टेबल असेल तर वेल्डिंगवाल्याकडे हेच. कडप्प्याचा पक्का ओटा असेल तर तो कापता येत नाही, तिथं उंच खुर्ची आणि उंच पाट हाच रस्ता, पण खुर्ची लाकडाची आणि चार पायांवर पक्की पाहिजे.

कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय बहुतेकांनी उघडून ठेवलेले असतात. बंद करा. ते उघडले की मनगट वर वाकते, आणि वाकलेल्या मनगटानं दिवसभर टाइप केलं की बोटं बधिर व्हायला लागतात. इनस्क्रिप्टवर (मराठी टायपिंगची एक कीबोर्ड मांडणी) काम करत असाल तर त्यात शिफ्ट सारखं दाबावं लागते, म्हणून करंगळी आणि मनगटावर ताण तसाही जास्त. शिफ्टसाठी दोन्ही हात वापरा, डाव्या बाजूचं अक्षर असेल तर उजवी शिफ्ट.

टेबलाची कड टोकदार असेल, कडप्प्याची तर असतेच, तर जुन्या सायकलची ट्यूब उभी चिरून कडेला लावा.

तपासा: डोळे मिटून पाच ओळी टाइप करा आणि फक्त खांद्याकडं लक्ष द्या. खांदा कानाकडं जात असेल तर टेबल अजूनही उंच आहे.

## टप्पा ६: स्क्रीन

चौथं माप आता काढा. नव्या बैठकीच्या उंचीत ते मिळवलं की तुमचा डोळा जमिनीपासून किती वर आहे ते समजते. स्क्रीनची वरची कड तिथं किंवा एखाद-दोन इंच खाली आणा. गंमत म्हणजे कीबोर्डची फळी लावलेल्या बऱ्याच जणांना मॉनिटर उचलावाच लागत नाही, आणि टेबल कापलेल्यांना उचलावा लागते. म्हणूनच स्क्रीन शेवटी.

उचलायला ए-फोरची रिम ठेवतात, ५०० पानांची एक रिम साधारण दोन इंचाची. पण गर्दीच्या दिवशी कागद संपला की तीच रिम फुटते आणि मॉनिटर पुन्हा खाली. लाकडी ठोकळा ठेवा.

अंतर एक हात. मागं टेकून हात लांब केला की बोटांची टोकं स्क्रीनला लागावी. अक्षर दिसत नाही म्हणून पुढं झुकू नका, कंट्रोल दाबून प्लस दाबा, पान मोठं होते. सरकारी पोर्टलवरची अक्षरं बारीकच असतात, सव्वाशे टक्के करून ठेवा.

दोन नंबरचा चष्मा (वरच्या काचेतून दूरचं, खालच्यातून जवळचं पाहायचा) असेल तर स्क्रीनच्या उंचीचा वरचा नियम लागू नाही. खालच्या काचेतून वाचायला माणूस हनुवटी वर करते आणि मानेच्या मागं दुखते. अशांनी स्क्रीन दोन-तीन इंच आणखी खाली घ्यावी आणि थोडी मागं कलती करावी.

लॅपटॉपवाल्यांनी नीट ऐका. लॅपटॉप नुसता वर उचलला तर हात वर जातात, खाली ठेवला तर मान खाली जाते, मधला रस्ताच नाही. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या आणि मग लॅपटॉप डोळ्याइतका उचला. डोकं सरळ असताना मानेवर साधारण पाच किलो भार असते. २०१४ मध्ये छापून आलेल्या एका गणितात मान ६० अंश वाकली तर तोच भार २७ किलोच्या आसपास जातो असा हिशोब निघाला होता. प्रत्यक्षात आकडा माणसागणिक वेगळा असेल, पण वाकेल तसा वाढते हे नक्की.

गिऱ्हाइकाला स्क्रीन दाखवायची अडचण. नाव बरोबर आहे का, खातं नंबर बरोबर आहे का हे दाखवायला स्क्रीन तिरपी ठेवतात आणि मग स्वतः मान वळवून काम करतात. स्क्रीन आणि कीबोर्ड दोन्ही नाकासमोरच पाहिजेत. जुना मॉनिटर पडून असेल तर गिऱ्हाइकाकडं तोंड करून लावा आणि विंडोज बटन आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा. गिऱ्हाईक आपलं आपण वाचते, टेबलावर ओणवं होत नाही, चूक असेल तर सबमिटच्या आधीच सांगते. एका गिऱ्हाइकाचं काम संपलं की पान बंद करून मगच दुसऱ्याला बसवा, आधार नंबर सगळ्या गावाला दाखवायचा नसतो.

## टप्पा ७: कागद, माऊस, थम, प्रिंटर

सेतूच्या कामात सगळ्यात जास्त मान कशानं जाते तर कागदानं. पासबुक टेबलावर डाव्या हाताला आडवं ठेवलेलं, तीन आकडे वाचले, मान वर, टाइप केले, पुन्हा मान खाली. आधारचे बारा आकडे, मग खातं, मग सातबाऱ्याचा गट नंबर. दिवसाला किती वेळा मान वर-खाली होते तुम्हीच मोजा. आणि आकडा चुकतो तो याच येण्याजाण्यात, डोळा परतून चुकीच्या ओळीवर पडते.

कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मधात एक तिरपी पाटी लावा. क्लिपवाला परीक्षेचा पॅड आणि मागं टेकू म्हणून लाकडाचा तुकडा, एवढंच. कागद स्क्रीनच्या रेषेत येतो, मान वाकत नाही, फक्त डोळे फिरतात. या सगळ्या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा, वेगातला आणि चुकांमधला फरक सगळ्यात आधी इथं दिसते.

माऊस कीबोर्डला चिकटून. लांब ठेवला की दंड अंगापासून सुटते आणि खांद्याचा मागचा भाग जळजळते.

थमचं मशीन गिऱ्हाइकाकडं द्या, एक्स्टेंशनची यूएसबी वायर लावून. कापूस वेचायच्या दिवसात बायामाणसांच्या बोटाला चिरा पडलेल्या असतात, थम एका वेळी लागत नाही, मग ऑपरेटर अर्धा उठून हात लांब करून त्यांचं बोट दाबून धरते. दिवसातून पन्नासदा असं ओणवं व्हायचं नाही. मशीन त्यांच्या हाताखाली, काच पुसायला कापड, आणि ओलसर फडकं बोट पुसायला. तरी दाबून धरायची वेळ आली तर उठून, टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला जा.

प्रिंटर मागच्या उंच फळीवर नको, बसल्या बसल्या कंबर पिळून कागद ओढणं हे कंबरेला चमक भरायचं ठरलेलं कारण. दोन पावलांवर, कंबरेच्या उंचीला ठेवा. उठावं लागलं तर चांगलंच आहे.

जपून: रिमांचा डबा उचलताना गुडघ्यात वाका, डबा पोटाशी धरा. उचलून धरलेला असताना कंबरेत वळू नका, पाय फिरवा.

## टप्पा ८: उजेड आणि ऊन

आपल्याकडची दुकानं रस्त्याकडं तोंड करून, पूर्ण शटर उघडं. दार समोर असलं तर डोळ्यात उजेड, दार पाठीमागं असलं तर स्क्रीनवर चमक. टेबल असं फिरवा की दार डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. जागाच नसेल तर शटरवर अर्ध्यापर्यंत हिरवी जाळी बांधा. स्क्रीनचा उजेड खोलीइतका ठेवा, बाजूला पांढरा कागद धरा, स्क्रीन कागदापेक्षा दिव्यासारखी चमकत असेल तर कमी करा.

टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस असताना आत काय होते ते अकोला-चंद्रपूरवाल्यांना सांगायला नको. वर सिलिंग टाकता आलं तर टाका, निदान तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर नाहीतर पांढरा रंग. कूलर तोंडावर सोडू नका. स्क्रीनकडं पाहताना डोळे कमी मिटतात, त्यात समोरून वारा, डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. वारा बाजूनं येऊ द्या आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा आत कोंडते आणि कागद प्रिंटरमध्ये अडकते.

एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी लिहितो. बऱ्याच केंद्रांवर बसणाऱ्या ताया दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण जवळ जायला जागा नाही. डोकं दुखते, लघवीला जळजळते, आणि दोष स्क्रीनला जातो. दुकान भाड्यानं घेताना शौचालय किती दूर आहे हे भाड्याइतकंच महत्त्वाचं समजा. बाजूच्या घरी बोलून ठेवा, ठरवून ठेवा. पाणी झाकणाच्या बाटलीत, टेबलाखाली वायरा नसलेल्या बाजूला.

## टप्पा ९: गर्दीचे दिवस

जुलै २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे फॉर्म भरताना, पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला, फार्मर आयडीच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवते, सकाळी बसलेला माणूस रात्रीच उठला. टेबल-खुर्ची कितीही नीट असली तरी शरीर एका जागी एवढं टिकत नाही. तासाभरानं एकदम मोठी सुट्टी घेण्यापेक्षा अर्ध्या तासानं मिनिट-दोन मिनिटं उठलेलं जास्त कामी येते.

ते जमवायचं कसं? सर्व्हर फिरत असते तेव्हा उठा. ओटीपी यायची वाट पाहता तेव्हा उठा. प्रिंट काढायला उभ्यानं जा. चिठ्ठीवर नंबर द्या म्हणजे माणसं टेबलावर दाटत नाहीत आणि तुम्हाला हात हलवायला जागा राहते. स्कॅनिंग एकेकाचं करण्यापेक्षा पाच-सहा जणांचं एकदम करा, तेवढा वेळ उभं राहून काम होते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडं तरी वीस सेकंद पाहा, रस्त्यापलीकडचं झाड चालते.

## शेवटची तपासणी

बाजूनं फोटो काढायला सांगा, सकाळी एक आणि संध्याकाळी पाच वाजता एक, तुम्हाला न सांगता. सकाळी सगळेच नीट बसतात, खरं काय ते संध्याकाळचा फोटो सांगते. कान, खांदा आणि कुल्ला साधारण एका रेषेत आहेत का पाहा.

बदल करायच्या आधीच्या आठवड्यात तासाला किती फॉर्म होतात आणि किती चुकीमुळं परत येतात हे वहीत लिहा. नंतरच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा लिहा. पहिल्या आठवड्याचा आकडा धरू नका, नव्या बैठकीला हात बसायला वेळ लागते आणि पाठीचे न वापरलेले स्नायू दोन-चार दिवस आंबतात. आंबणं चालते. पण दुखणं रोज वाढत असेल तर शेवटचा बदल परत घ्या, एका वेळी एकच.

अंगठा आणि बाजूची दोन बोटं रात्री बधिर होत असतील तर मनगट पाहा. करंगळी बधिर होत असेल तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसता का ते पाहा. दोन-तीन आठवडे नीट बसूनही फरक नसेल तर डॉक्टर गाठा. कंबरेची कळ गुडघ्याच्या खाली पायात उतरत असेल, हातातून वस्तू पडत असेल, पायात जोर वाटत नसेल तर तितकीही वाट पाहू नका. आणि लघवी-संडासवर ताबा राहत नसेल किंवा बसायची जागा बधिर वाटत असेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. मेडिकलवरून गोळी आणून, कंबरेला पट्टा बांधून हंगाम काढायचा असं करू नका, पट्टा डॉक्टरनं सांगितला तरच.

मापं पुन्हा कधी घ्यायची? उशी बदलली की, खुर्ची बदलली की, चष्मा बदलला की, दुकानात नवीन पोरगा किंवा पोरगी बसायला लागली की. बाईमाणूस गरोदर असेल तर दर महिन्याला, कारण टेबलापासूनचं अंतर बदलत जाते आणि पायाखालचा पाट थोडा उंच लागते. कापसाची उशी असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी बसून टेप लावा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबली असेल तर गादीवाल्याकडं पुन्हा पिंजायला टाका.